समुपदेशकाच्या खोलीबाहेर

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा विषय निघाला की आपल्याकडे माणसं राजस्थानातल्या कोट्याबद्दल बोलू लागतात. तिथले क्लासवाले, तिथली वसतिगृहं, पोटच्या पोराला शेकडो कोसांवर नेऊन सोडणारे आईबाप. दुसऱ्याच्या गावाबद्दल हळहळायला काही लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यात राजस्थान दहाव्या क्रमांकावर आहे, ५७१. पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, १,७६४. आदल्या वर्षीही पहिले आपणच होतो, १,८३४. राज्य मोठं आहे, इथे नोंदी बऱ्या होतात, अशी कारणं देता येतात आणि त्यांत तथ्यही असेल. पण लोकसंख्येने आपल्या जवळजवळ दुप्पट असलेल्या उत्तर प्रदेशचा त्याच वर्षीचा आकडा १,०६० आहे.

हे आकडे फक्त शाळांचे नाहीत, त्यांत महाविद्यालयातली मुलंही आली. तरी प्रश्न शाळेपासूनच सुरू करावा लागतो. अडचण आली तर कुणाला सांगायचं, सांगून काही उपयोग होतो का, आपण हरलो की माणसं आपल्याशी कशी वागतात, हे मूल ज्या वयात शिकतं त्या वयात ते रोज सहा-सात तास शाळेत असतं.

एखादी घटना घडली की दोन-तीन मागण्या ठरलेल्या असतात. शाळाशाळांत समुपदेशक नेमा. पालकांचं प्रबोधन करा. मुलांना लहानपणापासून कणखर बनवा. तिन्ही मागण्यांमागे एकच चित्र आहे: वर्गात साठ मुलं आहेत, त्यांतली एकोणसाठ ठणठणीत आहेत, एक कच्चं आहे, ते वेळीच हुडकून काढलं, तज्ज्ञाकडे पाठवलं की झालं. हे चित्रच मला चुकीचं वाटतं. आत्महत्या रोखण्याचं शाळेतलं बहुतेक काम त्या एका मुलाला शोधण्यात नाही. ते शाळा रोज कशी चालते त्यात आहे, आणि समुपदेशकाची खोली हा त्या कामाचा शेवटचा टप्पा आहे.

‘हल्लीची मुलं फार नाजूक’ हे वाक्य आधी बाजूला करू. ते बोलणारे पुढे आपण खाल्लेल्या छड्यांचा हिशेब सांगतात. छड्या खाऊन जे उरले तेच आज सांगायला आहेत. ज्यांनी सातवी-आठवीत शाळा सोडली, जे घरातून निघून गेले, ज्यांच्याबद्दल गावात ‘विहिरीत पाय घसरला’ एवढंच बोललं गेलं, ते या गप्पांत भाग घेत नाहीत. पूर्वी कमी मुलं अशी जात होती की कमी नोंदली जात होती, याचा छडा आता लागणं कठीण आहे. शिवाय कणखरपणा शिकवायचा म्हणजे काय करायचं हे कुणी सांगत नाही. बहुतेकदा त्याचा अर्थ ‘बोलू नकोस’ एवढाच असतो, आणि या विषयात तोच सर्वांत घातक सल्ला आहे.

आता हुडकून काढण्याबद्दल. २०१७ मध्ये जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिले. आत्महत्येचा धोका कुणाला आहे हे सांगण्यासाठी जी जी लक्षणं वापरली जातात, त्यांच्या जोरावर केलेलं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा जेमतेमच बरं निघालं. याचा अर्थ लक्षणांकडे काणाडोळा करावा असा नाही. मरणाबद्दल बोलणारं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणारं, एकाएकी गप्प झालेलं मूल दिसलं तर थांबून विचारायलाच हवं. पण जी मुलं जातात त्यांतली पुष्कळशी कुणाच्याच यादीत नव्हती. हसतखेळत होती, परवाच सहलीचे पैसे भरले होते. इंग्लंडचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं होतं की थोडासा धोका असलेल्या पुष्कळ माणसांतून जेवढे बळी जातात, तेवढे मोठा धोका असलेल्या मोजक्या माणसांतून जात नाहीत. हृदयविकाराबद्दल ते लिहीत होते. शाळेच्या वर्गालाही ते तसंच लागू पडतं. यादी करून वाचवायला गेलो तर यादीबाहेरचीच जास्त हातची जातात.

मग सगळ्यांसाठी काय करायचं? इथे हवेत बोलण्याची गरज नाही, पुरावे आहेत. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या दानुता वासरमन यांच्या नेतृत्वाखाली युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमधल्या ११,११० मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन उपाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्यात शिक्षकांना प्रशिक्षण दिलं: धोका ओळखा, विचारा, मदतीला पाठवा. दुसऱ्यात मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि ज्यांचे गुण काळजीचे आले त्यांना तज्ज्ञांकडे पाठवलं. तिसऱ्यात शिक्षकांना बाजूलाच ठेवलं. बाहेरून प्रशिक्षित माणूस आला, चार आठवड्यांत मिळून पाच तास मुलांशी बोलला. त्यातले तीन तास चक्क नाटकाचे: घरात भांडण झालंय, मैत्रीण खचलीय, मोठा निर्णय घ्यायचाय, आता तू काय करशील, करून दाखव. सोबत एक छोटी पुस्तिका आणि भिंतीवर काही भित्तिपत्रकं.

वर्षभराने पाहिलं तर पहिल्या दोन उपायांनी आत्महत्येच्या प्रयत्नांत लक्षणीय फरक पडलेला नव्हता. तिसऱ्याने पडला. ज्या गटात काहीच विशेष केलं नव्हतं तिथे ३४ मुलांनी वर्षभरात प्रयत्न केल्याचं सांगितलं, नाटकवाल्या गटात १४ मुलांनी. प्रमाण निम्म्याहून कमी. तीन महिन्यांनी मोजलं होतं तेव्हा मात्र कुठल्याच गटात दखल घेण्याजोगा फरक नव्हता. आपल्याकडे उपक्रमाचा अहवाल छायाचित्रांसह त्याच आठवड्यात पाठवावा लागतो. हा प्रयोग इथल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती असता तर तो तिमाहीतच निकामी ठरून बंद पडला असता.

हा तिसरा उपाय चालला त्यामागे, मला वाटतं, एक साधी गोष्ट आहे. मूल आपलं दुःख प्रथम शिक्षकाला किंवा आईला सांगत नाही, मित्राला सांगतं. मधल्या सुट्टीत, नळाच्या मागे, किंवा रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर. ‘मला जगावंसं वाटत नाही यार, पण तुला शप्पथ आहे, कुणाला सांगू नको.’ आणि ते चौदा वर्षांचं दुसरं मूल शप्पथ पाळतं. आपण त्याला मैत्री म्हणजे गुपित राखणं असंच शिकवलेलं असतं. हे एक गुपित राखायचं नसतं, ते लगेच कुठल्यातरी मोठ्या माणसाला सांगायचं असतं, मित्र रागावला तरी चालेल, हे त्याला आधी कुणी सांगितलेलंच नसतं. भाषणाने हे पोचत नाही. वर्गात उभं राहून एकदा ते वाक्य प्रत्यक्ष उच्चारावं लागतं: ‘मी सांगणार आहे, कारण तू मला हवा आहेस.’ चौदाव्या वर्षी हे वाक्य तोंडातून काढणं किती अवघड आहे, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

याहूनही विलक्षण उदाहरण अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं. १९८५-८६ मध्ये तिथल्या पहिलीच्या वर्गांत एक खेळ घेत असत. वर्गाचे संघ पाडायचे, वागण्याचे दोन-चार नियम ठरवायचे, आणि जो संघ ते पाळेल तो जिंकेल. संघ जिंकतो, एकटं मूल नाही. त्या खेळात मृत्यू, दुःख, मन यांचा उल्लेखही नव्हता. ती मुलं एकोणीस ते एकवीस वर्षांची झाल्यावर पाहिलं तेव्हा त्यांच्यात आत्महत्येचे विचार इतर वर्गांतल्या मुलांपेक्षा कमी आढळले. सहा वर्षांच्या मुलाला आपण कुणाचे तरी आहोत असं वाटणं आणि विशीतलं त्याचं जगणं यांच्यात धागा असतो हे आजीलाही माहीत होतं म्हणा. पण ते मोजून दाखवलेलं असलं की शिक्षण खात्याशी बोलणं सोपं जातं.

युरोप-अमेरिकेचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. मग बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात जाऊ. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. ७५ शाळा, नववीचे वर्ग. एक तृतीयांश शाळांमध्ये ‘सेहेर मित्र’ म्हणून एक स्थानिक माणूस नेमला. त्याच्याकडे मानसशास्त्राची मोठी पदवी नव्हती, प्रशिक्षण होतं. दुसऱ्या हिश्शात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिलं. उरलेल्यांत नेहमीचाच सरकारी कार्यक्रम. या मित्राने करायचं काय, तर शाळेत एक समिती, भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांचे गट, दर महिन्याला एक विषय, कुणाला हवं असेल तर एकट्याने बोलणं, आणि एक पेटी, जिच्यात मुलं आपलं म्हणणं नाव न घालता टाकू शकतील. प्रयोगाचं मुख्य मोजमाप होतं शाळेचं वातावरण. वर्षाअखेरीला जिथे बाहेरचा माणूस होता तिथे वातावरण स्पष्टपणे सुधारलं, उदासी कमी झाली, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. जिथे तेच काम शिक्षकाकडे होतं तिथे काहीही फरक पडला नाही.

दोन खंडांतल्या दोन प्रयोगांत शिक्षकांवर टाकलेला भार निष्फळ ठरावा, हे शिक्षकांना वाईट ठरवण्यासाठी मी सांगत नाही. उलट. जो माणूस सकाळी गृहपाठ नाही म्हणून उभं करतो, दुपारी तोंडी परीक्षेचे गुण देतो आणि संध्याकाळी आईला फोन करतो, त्याच्याच जवळ मन मोकळं कर असं मुलाला सांगणं हा मुलावर अन्याय आहे आणि त्या माणसावरही. शिवाय आपला शिक्षक मतदारयाद्या, सर्वेक्षण, पोषण आहाराचा हिशेब आणि दर आठवड्याला बदलणारं एखादं ॲप यांतून उरलेल्या वेळात शिकवतो. त्याच्या डोक्यावर आता ‘मानसिक आरोग्य दूत’ अशी आणखी एक टोपी ठेवली की खात्याच्या कागदावर काम झालेलं दिसतं. शिक्षकाला शिकवावं ते एवढंच: काय करू नये, आणि कुणाला कळवावं.

पेटीचं म्हणाल तर ती आपल्याकडेही आहे. शाळांत तक्रारपेटी लावण्याचे आदेश निघालेले आहेत, मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्याही आल्या, २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीला आल्यावर या सगळ्याची पुन्हा आठवण करून देण्यात आली. पण एखाद्या शाळेत जाऊन ती पेटी पाहा. बहुतेकदा ती मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराला लागून असते, म्हणजे चिठ्ठी टाकणारा हात कुणाचा हे शिपाईमामांपासून सगळ्यांना दिसतं. कुलपाची किल्ली ज्याच्याबद्दल तक्रार असू शकते त्याच्याच टेबलाच्या खणात. आत काय असतं तर एखादं चॉकलेटचं वेष्टन, आणि ‘पाण्याच्या टाकीत पाल पडली आहे’ अशी दीड वर्षांपूर्वीची चिठ्ठी. ही पेटी चालावी अशी इच्छा असेल तर मुलांना एक गोष्ट दिसावी लागते: टाकीतली पाल आठवड्याभरात निघाली आणि परिपाठाला तसं सांगितलं गेलं. पालीबद्दल ऐकलं जातं हे कळलं की मग एखादं मूल मोठं काही लिहिण्याचं धाडस करतं.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी या विषयावर जो निकाल दिला तो मला एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या पीठाने पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरवल्या. बातम्यांत आली ती समुपदेशकाची अट: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक. माझं लक्ष गेलं ते दुसऱ्या एका सूचनेवर. गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत त्यांना लाजवू नका, झेपणार नाही असं लक्ष्य देऊ नका.

ही सूचना क्लासेससाठी असल्यासारखी वाचली गेली. पण अ तुकडी हुशारांची, ब मधल्यांची आणि ‘ड’ म्हणजे काय ते सांगायला नको, ही व्यवस्था मराठी शाळांनी कुठल्याही कोट्याकडून शिकलेली नाही. ड तुकडीला शिकवायला कोण जातं, त्यांचा वर्ग कुठल्या मजल्यावर असतो, प्रयोगशाळेच्या तासाला पहिली कात्री कुणाला लागते, हे ज्यांनी शाळा चालवल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. प्रगतिपुस्तकं वाटताना वरून खाली नावं वाचायची, शेवटची चार नावं वाचताना जरा थांबायचं, वर्ग हसतो; फी राहिली असेल तर ती वर्गासमोर विचारायची. यातल्या एकाही गोष्टीने कुणी मरतं असं मी म्हणत नाही. आत्महत्येला एकच एक कारण नसतंच. आजार, घरातलं वातावरण, प्रेमातला अपमान, जातीवरून मिळालेला टोमणा, कर्ज, लैंगिक अत्याचार, यांतलं बरंच काही एकमेकांवर साचत जातं. पण साचण्याच्या या यादीत शाळेने आपला वाटा घालू नये, एवढं तरी शाळेच्या हाती असतं. त्याला तज्ज्ञ लागत नाही, अनुदान लागत नाही, उद्या सकाळपासून करता येतं.

लातूर-नांदेडला तर हे अधिकच लागू. लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे आणि मराठवाड्यातल्या हजारो घरांत त्यातून पहिला डॉक्टर आला, हे खरंच आहे. त्याच गावात खोली घेऊन राहणारी, मेसचा डबा खाणारी, दर रविवारी टेस्ट देणारी, दुसऱ्या-तिसऱ्यांदा ‘रिपीट’ करणारी मुलंही आहेत. चौकातल्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो लागतात त्यांच्या किती पट ती आहेत ते कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. या मुलांची शाळा वा कनिष्ठ महाविद्यालय केवळ कागदावर असतं, हजेरी भलतीकडेच लागते. त्यांची जबाबदारी नेमकी कुणाची, हे न्यायालयाच्या निकालानंतरही धूसर आहे.

कधी कधी सगळ्यांत परिणामकारक उपाय मनाशी संबंधित दिसतच नाही. तमिळनाडूने या शतकाच्या सुरुवातीलाच बोर्डाच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलांना महिन्याभरात पुन्हा बसण्याची सोय केली, म्हणजे वर्ष वाया जात नाही. चेन्नईत १९८६ साली ‘स्नेहा’ ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी या बदलाचा पाठपुरावा केला होता, आणि त्यानंतर निकालामागून होणारे मृत्यू घटले असं त्या सांगत आल्या आहेत. आपल्याकडे दहावीची फेरपरीक्षा जुलैत घ्यायला २०१५ मध्ये सुरुवात झाली. त्या वेळी चर्चा झाली ती दर्जा घसरेल का याची. ही प्राण वाचवणारी गोष्ट आहे असं फारसं कुणी म्हटलं नाही. याची दुसरी बाजू तेलंगणात दिसली. २०१९ च्या इंटरमीजिएट निकालात मोठा घोळ झाला आणि निकालानंतरच्या काही दिवसांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. एका मुलीला तेलुगूत शून्य दाखवलं होतं, पुन्हा तपासल्यावर ९९ निघाले. निकालाचं सॉफ्टवेअर नीट तपासून घेणं हेही आत्महत्या प्रतिबंधाचंच काम आहे, आणि ते मंडळाच्या संगणक विभागाचं आहे.

तसंच साधनांचं. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथला आत्महत्यांचा दर सत्तर टक्क्यांहून अधिक खाली आला. आवेगाचा तो क्षण बहुधा थोडा वेळ टिकतो. तेवढ्या वेळात जे हाताशी नसतं ते पुढेही वापरलं जातंच असं नाही. पालकसभेत गुणांवर दीड तास बोलण्यातली पाच मिनिटं घरातली औषधं आणि फवारणीचं विष कुलपात ठेवण्यावर खर्च करायला हरकत नसावी.

विचारण्याचा मुद्दा राहिला. शिक्षक-पालकांची ठाम समजूत असते की आत्महत्येबद्दल बोललं तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात घुसेल. म्हणून आपण ‘वेडंवाकडं काही मनात आणू नकोस हं’ असं म्हणतो, आणि मूल ‘नाही’ म्हणतं, कारण या प्रश्नाला दुसरं उत्तरच ठेवलेलं नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ मुलांवर मॅडलिन गूल्ड यांनी हे तपासलं. ज्यांना थेट प्रश्न विचारले त्यांचा त्रास न विचारलेल्यांपेक्षा वाढला नाही; आधीपासून खचलेल्या मुलांना तर विचारल्याने थोडं हलकंच वाटलं. तेव्हा विचारावं सरळ, शांतपणे, बाजूला बसून: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ हो म्हणालं तर उपदेश नको, आईबापांची आठवण करून देणं नको, ‘किती चांगलं चाललंय तुझं’ हेही नको. ऐकायचं, एकटं सोडायचं नाही, आणि ‘हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही, पण कुणाला सांगायचं ते आपण दोघं ठरवू’ असं आधीच स्पष्ट करायचं. अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्याखाली ती कळवावीच लागते, तिथे पर्याय नाही. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलते आणि चोवीस तास चालते. तो क्रमांक मुलांच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापायला फार तर एक शिक्का लागेल.

आणि एवढं करूनही एखादं मूल जातं. त्यानंतर शाळा काय करते, याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, म्हणून तिथे जरा थांबतो. आज काय होतं, तर पहिला फोन संस्थाचालकांना जातो आणि दुसरा वकिलाला. भारतीय न्याय संहितेत मुलाला आत्महत्येस प्रवृत्त करणं हा गंभीर गुन्हा आहे, कलम १०७; भीती अगदीच निराधार नसते. मग शाळा तोंड शिवून घेते. दुसऱ्या दिवशी सुट्टी, तिसऱ्या दिवशी तास नेहमीसारखे. हजेरी घेताना बाई त्या क्रमांकावर अडखळतात आणि पुढचा क्रमांक घेतात. किंवा नेमकं उलट होतं: मैदानात सगळ्या शाळेसमोर मोठी शोकसभा, हार घातलेली तसबीर, ‘आता तो सगळ्या त्रासातून सुटला’ असं एखादं भाषण. ते ऐकणाऱ्या सातशे मुलांत आधीच खचलेली कितीतरी असतात, आणि त्यांना त्या दिवशी कळतं की आपण गेलो तर अख्खी शाळा उभी राहील.

किशोरवयात एका मृत्यूमागून दुसरा होण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. २०१० च्या जानेवारीत महाराष्ट्राने स्वतः ते पाहिलं. रोज पहिल्या पानावर एक नवा फोटो, सोबत चिठ्ठीचा मजकूर. भारतीय प्रेस परिषदेने आत्महत्येच्या वार्तांकनाचे नियम स्वीकारायला २०१९ उजाडावं लागलं. शाळेसाठीचा नियमही तोच आहे: लपवू नये आणि गाजवू नये. वर्गावर्गांत, छोट्या गटात, ओळखीच्या माणसाने खरं तेवढं सांगावं, कसं घडलं याचा तपशील न देता. रडणाऱ्याला रडू द्यावं, न रडणाऱ्याला ‘तुला काही वाटत नाही का’ म्हणू नये. जवळचे मित्र कोण, ज्याच्याशी आदल्या दिवशी भांडण झालं होतं तो कोण, शेवटचा मेसेज कुणाला आला होता, याची वर्गशिक्षकाने नोंद करावी आणि त्यांच्याकडे काही दिवस नव्हे, काही महिने लक्ष ठेवावं. ज्या शिक्षकाने आदल्या दिवशी त्याला रागावलं होतं त्याच्याकडेही. तोही माणूस आहे आणि गावभर त्याचं नाव घेतलं जातंय. हा आराखडा घटना घडल्यावर तयार करता येत नाही. आग लागल्यावर कुठल्या जिन्याने उतरायचं ते जसं आधीच भिंतीवर लावलेलं असतं, तसा तो आधी लिहून ठेवावा लागतो.

राहता राहिला माणसांचा प्रश्न. राज्यात सुमारे एक लाख आठ हजार शाळा आहेत, त्यांतल्या कित्येक हजार शाळांत वीसपेक्षा कमी मुलं. न्यायालयाची शंभरची अट या छोट्या शाळांना लागूच होत नाही. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं एवढंच अपेक्षित आहे, आणि लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात तो तज्ज्ञ तालुक्याला सापडत नाही. पण आपल्याकडे केंद्रशाळांची रचना तयार आहे, केंद्रप्रमुखांची सुमारे ४,८६० पदं आहेत. प्रत्येक केंद्रासाठी एक पूर्णवेळ माणूस, शिक्षक नसलेला, नालंदातल्या मित्रासारखा प्रशिक्षण घेतलेला आणि अडल्यावर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाला फोन करू शकणारा, एवढं करायचं ठरवलं तर महिना २५ हजार रुपये मानधनाने वर्षाला सुमारे १४६ कोटी होतात. एका केंद्रात सरासरी बावीस शाळा येतात, त्या एका माणसाला जड आहेत. म्हणून सुरुवात आठवी ते दहावीचे वर्ग असलेल्या शाळांपासून करावी, मग त्या जिल्हा परिषदेच्या असोत की खासगी संस्थेच्या. समाजकार्याची पदवी घेऊन तालुक्याच्या गावी कंत्राटी नोकरीच्या शोधात फिरणाऱ्या तरुण मुलामुलींची कमतरता नाही. अडचण दुसरीकडून येईल. हे पद निर्माण झालं की पहिल्याच वर्षी तहसील कार्यालयातून त्याच्या नावाने निवडणुकीच्या कामाचा आदेश निघेल. तेव्हा शासननिर्णय लिहिताना पात्रता, मानधन, प्रशिक्षण ही कलमं मागाहून येऊ द्यावीत. पहिलं कलम असं हवं की या व्यक्तीला शाळेतल्या मुलांशी बोलण्याखेरीज दुसरं कुठलंही काम देता येणार नाही.